दानाची मैफल आणि मैफलीचा हिशेब

अलीकडे परोपकाराला वाद्यवृंदाची साथ मिळाल्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडेनासे झाले आहे. कोठे पूर यावा, कोठे भूकंप व्हावा, कोठे दुष्काळाने गावेच्या गावे ओसाड पडावीत, की लागलीच कोणाला तरी स्फूर्ती होते: "आपण एक कार्यक्रम करू या!" मोठ्या प्रमाणावर ही स्फूर्ती झाली, तर तिचा जागतिक रॉक-महोत्सव होतो; लहान प्रमाणावर झाली, तर आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात 'मदतनिधीसाठी भव्य वाद्यवृंद' ठरतो. दोहोंची जात एकच. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक संतुष्ट होऊन घरी जातात, गायकांना टाळ्या मिळतात, संयोजकांच्या गळ्यात हार पडतात. आणि ज्यांच्या नावाने हा सारा समारंभ झाला, त्यांच्यापर्यंत काय पोहोचले, हा प्रश्न विचारणारा मनुष्य अरसिक ठरतो. ह्या अरसिकपणाचा पत्कर घेऊनच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

निमित्त जुने आहे, परंतु त्यावरून उपजलेला वाद आजही मिटलेला नाही. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर 'ग्लोबल सिटिझन' महोत्सव झाला. रजेवर मुंबईस गेलो असता कॉलेजातील एका स्नेह्याच्या आग्रहावरून आम्हीही तेथे हजर होतो. सुमारे ८० हजारांचा जनसमुदाय. व्यासपीठावर 'कोल्डप्ले' हा इंग्रज वाद्यवृंद, अमेरिकेचा जे-झी, आणि आपल्याकडील ए. आर. रहमान. पाचशे व हजाराच्या नोटा रद्द होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. शहरात बँकांपुढे रांगा होत्या, आणि येथे मैदानाच्या दाराशीही रांगा होत्या. पंतप्रधानांनी दूरदृश्य यंत्रणेद्वारे भाषण केले. शिक्षण, स्त्रीपुरुषसमता आणि स्वच्छ पाणी व स्वच्छता ही महोत्सवाची उद्दिष्टे होती. रहमान आणि ख्रिस मार्टिन ह्यांनी मिळून 'वंदे मातरम्' म्हटले, तेव्हा आमच्या आसपासची तरुण मंडळी गहिवरली, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. संगीताबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही.

हे प्रथमच सांगण्याचे कारण असे की, असल्या महोत्सवांवर टीका करणारांचा एक वर्ग आहे आणि त्या वर्गात आमची गणना होऊ नये, अशी आमची इच्छा आहे. त्या वर्गाला ढोल आणि विजेची गिटार ऐकताच संस्कृती बुडाल्याचा भास होतो. 'आमच्या वेळी असले काही नव्हते' हे त्यांचे पालुपद. ते खोटे आहे. कलेच्या खेळातून सत्कार्यासाठी पैसा उभा करणे ही परदेशातून आलेली क्लृप्ती नव्हे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नटश्रेष्ठांनी एकत्र येऊन खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठीच. त्या रात्री जमलेले सर्व प्रेक्षक केवळ स्वराज्याच्या तळमळीने आले होते, असे कोणी म्हणेल काय? बहुतेक जण भामिनी आणि धैर्यधर ह्यांची जुगलबंदी ऐकावयास आले असणार. तरीही त्यांच्या हातून देशकार्य घडले. कारण त्यांनी तिकिटाचे पैसे मोजले होते आणि ते पैसे फंडासाठी होते. रसिकता आणि दातृत्व ह्यांची तेथे गाठ पडली, ती तिकिटाच्या खिडकीवर.

ही खिडकी हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. वांद्र्याच्या मैदानावर ती बहुतेकांसाठी नव्हती. काही प्रवेशपत्रे भारी मोलाने विकली गेली हे खरे. परंतु बहुसंख्य श्रोत्यांना प्रवेश मिळाला तो गुण जमवून. संगणकावर वा भ्रमणध्वनीवर एखाद्या निवेदनाला संमती द्यावी, एखादा संदेश पुढे धाडावा, नेत्यांना उद्देशून दोन ओळी लिहाव्यात, की गुण पदरात पडत. पुरेसे गुण झाले की सोडतीत नाव. संयोजकांनी हे लपविले नव्हते, हे त्यांच्याशी न्याय करून सांगितले पाहिजे. आपण गरिबांसाठी वर्गणी गोळा करीत नसून सरकारांनी आणि मोठ्या संस्थांनी आश्वासने द्यावीत म्हणून लोकमताचा दाब निर्माण करीत आहोत, असेच त्यांचे म्हणणे होते.

आमच्या स्नेह्याला ही योजना अतिशय पसंत आहे. परतताना तो म्हणाला, "अरे, पैसा हा मुद्दाच नाही. ऐंशी हजार माणसे गरिबीविरुद्ध एका मैदानावर उभी राहतात, हे तुला थोडे वाटते? तुझ्या हापिसात दहा वर्षे फायली फिरून जी जाग येत नाही, ती एका रात्रीत आली!"

ह्या युक्तिवादाचा विचार केला पाहिजे. कारण तो आमच्या एका स्नेह्याचा नसून सबंध पिढीचा आहे. पैसा हा मुद्दा नसेल, तर मुद्दा जागृती हा होय. ठीक. परंतु जागृती झाली हे ओळखावयाचे कशावरून? जमलेल्या माणसांच्या संख्येवरून म्हणावे, तर तेवढी माणसे क्रिकेटच्या सामन्यालाही जमतात. व्यासपीठावरून झालेल्या आश्वासनांवरून म्हणावे, तर एखाद्या शासनाने वा संस्थेने दिलेले आश्वासन त्या मैफलीमुळे दिले गेले, की ते एरवीही दिले जाणार होते आणि केवळ जाहीर करण्यास ही रात्र निवडली, हे श्रोत्याने कसे जाणावे? मंजूर रक्कम आणि खर्च झालेली रक्कम ह्यांत किती अंतर असते, हे ह्या मासिकाच्या वाचकांना, म्हणजे सरकारी कागदांत केस पांढरे करणारांना, आम्ही काय सांगावे! घोषणा हा खर्चाचा पुरावा होऊ लागला, तर आपल्या सर्व लेखा-कार्यालयांना उद्याच कुलपे लागतील.

शिवाय त्या गुणांच्या व्यवहारात एक सूक्ष्म अनर्थ आहे. दान ह्या शब्दाला आपल्या भाषेत काही वजन आहे. दान म्हणजे आपले काही तरी कमी होणे. मूठभर धान्य दिले, तर डब्यात मूठभर धान्य कमी झाले पाहिजे. श्रमदान केले, तर अंग दुखले पाहिजे. बोटाने काचेवर दाबून काहीच कमी होत नाही. उलट बक्षीस म्हणून एक बहारदार रात्र पदरात पडते. हा सौदा आहे, आणि सौदा म्हणून त्यात निंद्य काही नाही. परंतु त्याला सत्कर्माचे नाव दिले, की करणाराच्या मनात 'आपला वाटा आपण उचलला' अशी एक खोटी तृप्ती उत्पन्न होते. उपाशी मनुष्याला भूक लागते, म्हणूनच तो अन्न शोधतो; जेवल्याचा नुसता भास त्याचे अधिक नुकसान करतो.

आता ह्याच्या उलट उदाहरण पाहू, आणि तेही रॉक-संगीताचेच. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन ह्यांनी बांगला देशासाठी दुपारी एक आणि रात्री एक, असे दोन कार्यक्रम केले. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने पूर्व बंगालचा किनारा उद्ध्वस्त केला होता. मार्च १९७१ पासून लष्करी अत्याचार सुरू झाले आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. पंडितजींचे घराणे मूळचे बंगालचे. कार्यक्रमातून २५ हजार डॉलर मिळाले तरी पुरे, एवढीच त्यांची आरंभीची अपेक्षा होती. त्यांच्यासमवेत सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. दुसऱ्या भागात हॅरिसन, बॉब डिलन, रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन. दोन्ही खेळांना मिळून सुमारे ४० हजार श्रोते. वाद्ये नुसती जुळविली, तेवढ्यावरच श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या, ही मौज सर्वश्रुत आहे. म्हणजे श्रोत्यांच्या जाणतेपणाविषयी बोलावयास नको! परंतु त्यांनी तिकिटे विकत घेतली होती. आणि पंधरवड्याच्या आत दाराशी जमलेली रक्कम युनिसेफला देण्यात आली. ती होती २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट.

ते ५० सेंट आम्हांला फार मोलाचे वाटतात. 'अडीच लाखांच्या आसपास' असे म्हणून कोणी मोकळे झाले नाही. सुट्ट्या नाण्यांपर्यंत जेथे हिशेब आहे, तेथे आम्ही निःशंक मनाने टाळ्या वाजवू, मग सूर कळोत वा न कळोत.

तथापि ह्याच मैफलीच्या उत्तरार्धात एक धडा आहे. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट ह्यांतून याहून कितीतरी मोठी रक्कम जमली. परंतु कार्यक्रमापूर्वी धर्मादाय नोंदणीची कागदपत्रे रीतसर केलेली नव्हती. परिणामी अमेरिकेच्या करखात्यात तो पैसा वर्षानुवर्षे अडकून पडला. ज्या निर्वासितांसाठी गाणे झाले, ते आपल्या देशी परतले, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली, तरी पैसा अडकलेलाच. सद्‌हेतूला नियमांचा तिटकारा असतो. पण नियम न पाळल्याचा दंड सद्‌हेतूला होत नाही, तो उपाशी माणसाला होतो. इंग्लंडमध्ये तर त्या ध्वनिमुद्रिकेवरील विक्रीचा कर सोडण्यास तेथील कोषागाराने साफ नकार दिला, आणि हॅरिसनने १९७३ साली १० लाख पौंडांचा धनादेश स्वतःच्या नावे लिहून दिला. पुढे १९८४ साली इथिओपियाच्या दुष्काळासाठी काढलेल्या ध्वनिमुद्रिकेवरील कराबाबतही ब्रिटिश सरकारने आधी असाच हट्ट धरला. लोकांनी ओरड केल्यावर कराइतकी रक्कम धर्मकार्यास परत दिली. त्या सरकारांना कोणी निष्ठुर म्हणावे. परंतु त्यांच्या हट्टात एक तत्त्व होते: कर हा जनतेचा आहे, तो सोडणे म्हणजे जनतेच्या वतीने दान करणे, आणि असे दान मागणाराचे नाव मोठे आहे म्हणून होत नसते.

आपल्याकडे काय झाले? १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईस अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. तो शिव उद्योग सेनेच्या साहाय्यार्थ, म्हणजे बेकार तरुणांना उद्योग मिळावा ह्या हेतूने होता. राज्य शासनाने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने ही माफी न्यायालयात नेली. २०११ साली उच्च न्यायालयाने माफीचा निर्णय रद्द करून शासनास फेरविचार करावयास सांगितले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा माफी दिली. रक्कम ३ कोटी रुपयांहून अधिक. दरम्यान जॅक्सन २००९ साली वारला, आणि करमणूक कर हा स्वतंत्र कर म्हणून १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात विलीन झाला. गाणारा राहिला नाही, कर राहिला नाही, पण करमाफीची फाईल जिवंत! कोणत्या पक्षाचे शासन केव्हा होते, ह्याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. सरकारी नोकराने त्यात पडूही नये. मुद्दा असा की, चोवीस वर्षांच्या ह्या वादात कर, माफी, अधिकार ह्यांचा कीस निघाला. पण त्या रात्रीमुळे किती तरुणांच्या हाताला काम मिळाले, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत कधी केंद्रस्थानी आलाच नाही. मदतीचा हेतू करमाफीच्या अर्जापुरताच आठवावा, ह्याहून त्या हेतूची दुसरी विटंबना कोणती?

आणि २०१६ च्या महोत्सवालाही राज्य शासनाने करमणूक कर माफ केला. तेव्हा विरोधकांनी त्यावर आक्षेप घेतला होता. येथे आमच्या स्नेह्याचाच युक्तिवाद त्याच्यावर उलटतो. पैसा हा मुद्दाच नाही ना? मग पैशाचीच सवलत कशासाठी? प्रेक्षकाने दान केले नाही, गुण जमविले. संयोजकांनी वर्गणी जमविली नाही, लोकमत जमविले. अशा स्थितीत ज्याने रोख काही दिले असा दाता शोधू गेल्यास हाती कोण लागतो? महाराष्ट्राचा करदाता! ज्याने ते गाणे ऐकले नाही, ज्याला निमंत्रण नव्हते, त्या मराठवाड्यातील दुकानदाराच्या आणि खानदेशातील शिक्षकाच्या वतीने शासनाने ही देणगी दिली. त्या दात्याचे नाव व्यासपीठावरून कोणी घेतले नाही, एवढेच.

ह्या ठिकाणी कोणी म्हणेल, "तुम्ही कारकून मंडळी, तुम्हांला जिकडे तिकडे व्हाउचर दिसते." हा टोमणा आम्ही भूषण म्हणून स्वीकारतो. आमच्यापैकी कोणी दौऱ्यावर गेला आणि प्रवासभत्त्याची आगाऊ उचल घेतली, तर परतल्यापासून पंधरा दिवसांत त्याला हिशेब द्यावा लागतो; रिक्षाच्या भाड्याचाही खुलासा करावा लागतो. एखाद्या आडगावच्या वाचनालयाला केंद्राचे चार पैसे अनुदान मिळाले, तर २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत विनियोगाचे प्रमाणपत्र पाठवावे लागते. ते न पाठविल्यास पुढील हप्ता अडतो. हा जाच आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण जो नियम वाचनालयाच्या गरीब चिटणीसाला लागू, तो झगमगत्या व्यासपीठाला लागू का नसावा? गिटारच्या आवाजात असे काय आहे, की त्याने लेखापरीक्षकाचे कान बधिर व्हावेत?

गाजावाजा केल्यावाचून जनतेच्या हातून मोठे दान होतच नाही, ही समजूतही तपासून पाहावी. ज्या १९७१ साली न्यूयॉर्कला ती मैफल झाली, त्याच वर्षी सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार भारतावर पडला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून आपल्या टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावण्याची सक्ती झाली. आरंभी कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच निर्वासित साहाय्याची अक्षरे छापून ती चालविली. नंतर निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट निघाले. ३१ मार्च १९७३ पर्यंत हा क्रम चालू होता. ज्यांच्या घरी जुन्या पत्रांचे गठ्ठे असतील, त्यांनी ते सोडून पाहावेत. बारशाच्या आमंत्रणावर, मनिऑर्डर पोहोचली का ह्या विचारणेवर, सासरी गेलेल्या लेकीच्या पत्रावर ते पाच पैसे चिकटलेले दिसतील. त्यासाठी कोणी गायले नाही, कोणाला हार पडला नाही, देणाराला आपण दाता आहोत ह्याची जाणीवही झाली नसेल. दुसरे उदाहरण महाराष्ट्राचेच. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना रुजली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर आला. आम्हां दिल्लीकरांच्या पगारातून तो कापला जात नाही. पण गावाकडे नोकरी करणाऱ्या आपल्या भावाच्या पगारपत्रकात ती ओळ असते आणि वर्षाला अडीच हजारांपर्यंत रक्कम जाते. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कुदळीची तजवीज करावी, असा तो संकेत होता. एवढ्या मोठ्या नात्यावर एकही गाणे झालेले आमच्या ऐकिवात नाही.

तेव्हा मैफली बंद कराव्यात काय? मुळीच नाही. संगीत हे स्वतःच एक सत्कर्म आहे, त्याला गरिबीचा टिळा लावण्याची आवश्यकता नाही. ज्याला गाणे ऐकावयाचे, त्याने तिकीट काढून, कर भरून, उजळ माथ्याने ऐकावे. परंतु ज्याला मदतीच्या नावाने मैफल भरवावयाची आहे, त्याच्यावर तीन अटी घालाव्यात. पहिली, पैसा कोणाला, कोणत्या नोंदणीकृत संस्थेमार्फत जाणार, हे कार्यक्रमापूर्वी लेखी जाहीर व्हावे. दुसरी, तिकिटाच्या मोलातून निधीत किती जाणार, हा आकडा तिकिटावरच छापावा. तिसरी, सहा महिन्यांच्या आत जमा, खर्च आणि शिल्लक प्रसिद्ध करावी, सुट्ट्या नाण्यांसकट. कराची सवलत द्यावयाची, तर ती आधी माफीच्या रूपाने न देता हिशेब पाहून नंतर परताव्याच्या रूपाने द्यावी. आमच्या प्रवासभत्त्याला जो न्याय, तोच.

आणि ही मागणी परक्यांपुढे मांडण्यापूर्वी ती आपल्या घरात लागू करावी. दिल्ली, भोपाळ, कलकत्ता, बंगळूर, जेथे जेथे आपण बदलीच्या हुकमाने येऊन पडलो आहोत, तेथे तेथे आपली मंडळे आहेत, आणि मंडळांना 'साहाय्यार्थ' कार्यक्रमांची हौस आहे. ह्या मंडळांच्या कार्यकारिणीत बसलेले लोक दिवसा दुसऱ्यांची बिले तपासतात, आक्षेप काढतात, लाल शाईने शेरे मारतात. त्यांना ही विद्या शिकवावयास नको. फक्त संध्याकाळी मंडळाच्या जिन्याशी चपलांबरोबर ती काढून ठेवू नये, इतकीच विनंती. यंदा पूरग्रस्तांसाठी वाद्यवृंद ठरला असेल, तर पडदा उघडण्यापूर्वी त्या तीन गोष्टी फलकावर लिहाव्यात. कार्यक्रमानंतर भाडे, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा चहा आणि हार ह्यांना वजा जाता निधीत काही उरले नाही, असे आढळल्यास तेही प्रांजळपणे लिहावे. आणि पुढल्या वर्षी हार वगळावेत.

आमचा स्नेही अद्यापि आपल्या मतावर ठाम आहे, आणि आम्ही आमच्या. तो म्हणतो, हिशेबाने माणसांची मने पेटत नाहीत. आमचे उत्तर एवढेच, की पेटलेल्या मनांनी कोणाच्या चुलीखाली जाळ झाला, हे हिशेबावाचून समजत नाही. गाणे संपते, दिवे मालवतात, मैदान मोकळे होते. त्यानंतर जो कागद उरतो, त्यावर गरिबाच्या नावापुढे काय लिहिले आहे, त्यावरून त्या रात्रीची किंमत ठरवावयाची. तो कोरा असेल, तर सूर कितीही लागला असो, ती करमणूक होती. आणि करमणुकीवर कर असतो, तो भरावा.